धोंडीचे ग्रॅम

निफाडचा पारा घसरला की आम्हा नाशिककरांना उगाच अभिमान वाटायला लागतो. जणू रात्रीतून आम्हीच जाऊन तो खाली ओढून आलो. दूधवाला, रिक्षावाला, कॉलेजातला शिपाई, सगळ्यांच्या तोंडी सकाळी एकच आकडा असतो आणि तो सांगताना माणूस हात चोळत हसतो. सेल्सिअस कोणी म्हणत नाही, अंशसुद्धा म्हणत नाही. नुसतं "आज सहा," एवढंच. मी फिजिक्सची बाई. वर्गात कुणी उत्तरापुढे एकक लिहिलं नाही तर मी हटकून विचारते, "सहा काय? बटाटे?" कित्येक वर्षं हाच विनोद करतेय आणि मुलंही बिचारी दर वर्षी नव्याने हसतात. थंडीच्या आकड्याला मात्र मी सूट देते.

या दिवसांना आपला एक वास असतो. पहाटे पिंपळगावच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्यात धूर असतो, कारण मण्यांना थंडी बाधू नये म्हणून द्राक्षबागांत शेकोट्या पेटवलेल्या असतात. कपाटातून काढलेल्या स्वेटरला डांबरगोळ्यांचा वास असतो. पूर्वपरीक्षेच्या गठ्ठ्यांना झेरॉक्सच्या शाईचा. आणि माझ्यापुरता यात आणखी एक वास मिसळलेला आहे, दवाखान्यात आत जायच्या आधी हाताला चोळायचं ते औषध असतं ना, त्याचा. लेकीचा जन्म असल्याच एका जानेवारीतला. थंडी पडली की माझे हात आपोआप कोरडे पडतात, आणि मग कितीही व्हॅसलीन लावा, मन दवाखान्यातल्या त्या बाकावर जाऊन बसतंच.

आता सई सातवीत आहे. परवा गोधडीत पाय घालून अभ्यास करत बसली होती. मध्येच विचारलं, "आई, नॅनोमीटर म्हणजे नक्की किती लहान?" मी माझा एक केस उपटून तिच्या हातात दिला आणि म्हटलं, याची जाडी हजारो नॅनोमीटर भरेल, आता तूच विचार कर. तिने केस उजेडात धरला, डोळे बारीक केले आणि निकाल दिला की म्हणजे नॅनोमीटर हे काहीच नाही. मी म्हटलं, काहीच नाही असं नाही गं, फार थोडं. ती म्हणाली एकच की ते. आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. तिला कुठे माहीत, की एका हिवाळ्यात तिची आई त्या दोन शब्दांमधल्या फटीत अडकून बसली होती.

मोठ्या आकड्यांची मला कधी भीती वाटली नाही. लहानपणी आजोबांनी पाठच करून घेतलं होतं: अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. अर्थ काडीचा कळत नव्हता, पण 'जलधी' म्हणताना तोंड कसं भरून यायचं. अजूनही वर्ग पेंगायला लागला की मी ही माळ म्हणून दाखवते. प्रकाश वर्षभरात किती मीटर जातो? साडेनऊ अंत्य, म्हणजे जवळजवळ एक मध्य. मुलं टाळ्या वाजवतात. मग फळ्यावर दहाचा पंधरावा घात लिहिला की तोच अक्राळविक्राळ आकडा गुमान दोन इंचांत बसतो. लहानाकडे उतरताना मात्र आपल्याकडे अशी माळ नाही. जे शब्द आहेत ते बोटांचे नाहीतर बियांचे: चिमूटभर, नखभर, तिळभर, गुंजभर. त्याच्या खाली मायक्रो, नॅनो, पिको हे सगळे परगावचे पाहुणे. त्या जानेवारीत या पाहुण्यांनी माझ्या घरात मुक्कामच ठोकला.

सातवा महिना संपत आला होता. माझं बीपी चढलं, पाय खांबासारखे सुजले, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आता थांबण्यात अर्थ नाही. मुलगी झाली ती अकराशे वीस ग्रॅमची. एक किलो साखर आणि वर दोन मुठी, बस्स. एवढ्याशा देहाला हात, पाय, नखं, भुवया, रागसुद्धा. काचेच्या पेटीत ठेवली होती, पायाला पट्टी, पट्टीवर 'बेबी ऑफ वैशाली'. माझं नाव तिच्या पायापेक्षा लांब होतं. तिचं औषध मिलीलीटरच्या दहाव्या भागात मोजायचे, त्यातल्या द्रव्याचं वजन मायक्रोग्रॅममध्ये. मी खुर्चीवर बसून प्रत्येक सिरिंजवरचं दशांश चिन्ह डोळ्यांनी तपासायचे. टिंब एक घर सरकलं तर काय होतं, हे मी मुलांना लाल शाईने शिकवत आले होते ना. मंदा सिस्टर म्हणून एक सुरगाण्याच्या होत्या, शांत, हळू चालणाऱ्या. एकदा त्या म्हणाल्या, "मॅडम, टिंबं आम्ही बघतो. तुम्ही झोपा जरा." मला रागच आला होता, पण झोपही आली.

मग सासूबाई आल्या, सटाण्याहून, एसटीने, दोन पिशव्या आणि डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल घेऊन. माझ्याशी त्या नेहमी मराठीच बोलतात, नीट, पाहुण्यांशी बोलावं तशा. मनातलं काही हललं की अहिराणी डोकावते, 'आहे'चं 'शे' होतं. बाळाला त्यांनी काचेतून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाल्या, "ही तर आमची धोंडी शे." झालं. तेव्हापासून सईचं नाव धोंडी. जपायचं लेकरू असलं की त्याला असंच दगडधोंड्याचं नाव द्यायचं, म्हणजे कुणाची नजर त्याच्याकडे वळत नाही. अकराशे ग्रॅमची धोंडी! मला हसू आलं, पण सिझेरियनच्या टाक्यांमुळे हसताही येत नव्हतं.

या बाईंचं आणि आकड्यांचं वाकडं होतं, हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. बाजरी मोजायला बसल्या की पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन. शेतावरच्या कांदाचाळीत माल किती आहे असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, देवाच्या दयेने आहे. जेवताना माणसाने किती भाकरी खाल्ल्या हे मोजायचं नाही. एकदा मी कौतुकाने नवऱ्याला म्हणाले, आज चार खाल्ल्यास की रे, तर त्यांनी ताटातला भाकरीचा तुकडा उचलून त्याच्यावरून ओवाळून बाहेर टाकला आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. दिवा विझवायचा नसतो, तो वाढवायचा असतो. बांगडी फुटत नाही, वाढते. मी आपली सगळं मोजणारी, त्या सगळं झाकणाऱ्या. तरी आमचं बरं जमायचं. दोघींनाही चहा कडक लागतो, हे एक मोठं कारण असावं.

दवाखान्यात रोज सकाळी बाळाचं वजन व्हायचं. सिस्टर आकडा वाचायच्या तेव्हा सासूबाई भिंतीकडे तोंड करून कानावर पदर घ्यायच्या. महेश, माझा नवरा, बाहेरून मला मेसेज करायचा, नुसता आकडा. मी उत्तर पाठवायचे, "ग्रॅम लिही." त्याच्या मामांना, मावश्यांना मात्र काहीही कळवायचं नाही अशी त्याच्या आईची सक्त ताकीद होती. फोन आला की त्याने म्हणायचं, बरं आहे. किती झालं वजन? बरं आहे. मावशीबाईंनी एकदा चिडून विचारलं म्हणे, बरं म्हणजे किती बरं?

माझे वडील निफाडकडचे, द्राक्षवाले. त्यांच्या खिशात कायम एक प्लॅस्टिकची पट्टी असते, तिला गोल गोल भोकं, प्रत्येक भोकाखाली मिलीमीटर लिहिलेले. मणी भोकात घालून बघायचा, केवढा झाला ते. ते एकदा नातीला बघायला आले, थॉमसन द्राक्षांची भरगच्च करंडी घेऊन. काचेला नाक लावून त्यांनी बाळाला न्याहाळलं, आणि सवयीने अंगठा आणि तर्जनी एकमेकांजवळ आणून हवेतच माप घेतलं, मण्याचं घ्यावं तसं. म्हणाले, "फुगवण चांगली आहे हां. आठवड्यात फरक पडला." सासूबाईंनी त्यांच्याकडे असं काही बघितलं की वडिलांनी हात खिशात घातला आणि पार्किंगच्या पावतीचं निमित्त करून खाली गेले. त्यांच्या पाठीमागे सासूबाईंनी पिशवीतून मीठ-मोहरी काढली. दवाखान्यात विस्तव कुठून आणणार? मग ती पुडी जिन्याखालच्या कुंडीत पुरली. ते झाड पुढे मेलं, मिठाने मेलं असणार, पण मी काही बोलले नाही.

एककांचं असंच असतं म्हणा. माणसाला कळेल ते माप, बाकी नुसता आकडा. आम्ही नाशिकचे लोक पावसाळ्यात धरणातून किती क्युसेक सोडलं हे एकमेकांना मोठ्या जाणतेपणाने सांगतो, पण गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर किती आहे हे खरं कळतं ते पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून. गुडघ्याला आलं, कमरेला आलं, गळ्याशी आलं. मुलं विचारतात, मॅडम, मारुती हे प्रमाण एकक आहे का? मी म्हणते, नाही, पण चुकत नाही. माझ्या बाळाच्या बाबतीत माझं प्रमाण एकक होतं ग्रॅम. सासूबाईंचं काय होतं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

बाळ हळूहळू सावरलं. नळीने दूध जात होतं ते वाटी-चमच्याने जायला लागलं, काचेची पेटी सुटली, बाजूच्या छोट्या खोलीत आणलं. चौदाशेच्या आसपास पोचली होती आमची धोंडी. असंच चाललं तर लवकरच घरी, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि नेमका मला ताप भरला. सर्दी, खोकला, कणकण. मला आत जायला बंदी झाली. दूध काढून द्यायचं, ते सिस्टर मोजून वाटीत घालणार, आणि बाळाला छातीशी धरून पाजणार सासूबाई. मी बाहेर बाकावर, तोंडाला मास्क, मध्ये काच. आतल्या पडद्याच्या फटीतून त्यांची पाठ दिसायची, हलकी हलकी डोलणारी.

दर दोन तासांनी वीस मिली. चार चहाचे चमचे. पाजून झालं की सासूबाई लगेच वाटी विसळून, पुसून पालथी घालायच्या, उष्टं भांडं ठेवायचं नाही म्हणून. सिस्टर विचारायच्या, आजी, किती प्यायली? आणि सिस्टर जे ऐकायच्या ते तक्त्यावर लिहायच्या. वॉर्ड भरलेला, माणसं कमी, एकेका सिस्टरकडे कितीतरी बाळं. आजीच्या शब्दावर विश्वास न ठेवण्याचं काही कारणही नव्हतं.

एका सकाळी डॉक्टरीणबाई बाहेर येऊन माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. त्या एरवी भरभर बोलतात. त्या दिवशी सावकाश बोलल्या. बाळ निम्मंच दूध पितंय, त्या म्हणाल्या, कधी निम्म्याहून कमी. चमच्याने गिळणं जमत नसावं. आणि तरी वजन मात्र रोज पंचवीस ग्रॅमने वाढतंय. दूध कमी आणि वजन जास्त, मग हे जे वाढतंय ते काय आहे? अंगात पाणी साठत असेल, तर कारण शोधायला हवं. मूत्रपिंड, हृदय, काहीही असू शकतं. दुपारी रक्त घेऊ, नळी परत घालू, आणि तिला पुन्हा पेटीत आत नेऊ. घरी जायचं सध्या विसरा.

रक्त. चौदाशे ग्रॅमच्या बाळाच्या सगळ्या अंगात मिळून रक्त असतं ते चहाच्या कपभर. त्यातलं दोन मिली काढायचं म्हणजे माझ्या अंगातून अर्धी वाटी काढण्यासारखं. याआधी घेतलं होतं तेव्हा तिच्या टाचेवरचा निळा डाग मी कितीतरी दिवस बघत होते. ती रडायची तर आवाजसुद्धा मांजराच्या पिलाएवढा. मी बाकावर बसले, भिंतीला डोकं टेकलं आणि आयुष्यभर जे शिकवलं तेच करायला लागले. आकडे मांडले. आत किती गेलं, बाहेर किती आलं. वस्तुमान हवेतून पैदा होत नाही. वजनकाटा तर खोटं बोलत नव्हता. मग खोटं दुसऱ्या बाजूला असणार, वाटीच्या बाजूला. आणि वाटी कुणाच्या हातात होती?

मला एकदम चार भाकऱ्या आठवल्या.

महेशला खालून बोलावून घेतलं. आईला आपण विचारायचं का, तू विचार, नाहीतर मी विचारते, असं मी बोलत होते, आवाज चढला होता बहुतेक. मग त्याने मला जे सांगितलं ते लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला ठाऊक नव्हतं. त्याच्या आधी घरात एक मुलगा झाला होता. गुटगुटीत, खाण्याची वासना असलेला. गल्लीतल्या बायका जमल्या असताना आईने एकदा कौतुकाने सांगितलं, माझा बाळ वाटीभर गुरगुट्या भात एका बैठकीत संपवतो. त्याच आठवड्यात त्याला हगवण लागली. त्या उन्हाळ्यात गावात पाणी खराब होतं, बरीच लेकरं आजारी होती. तो गेला. तेव्हापासून आईने घरातल्या कुणाच्या घासाचा आकडा तोंडातून काढलेला नाही. माझ्या नवऱ्याला शाळेत असताना कधी 'पोटभर जेवलो' असंही म्हणू दिलं नव्हतं.

राग कुठल्या कुठे गेला. पण दुपार होत आली होती आणि आत ट्रे तयार होत होता. मी सासूबाईंना बाहेर बोलावलं. त्या हात पुसत आल्या, बाकाच्या टोकावर बसल्या. मी त्यांना आडवळणाने काही सांगितलं नाही. तेवढा वेळही नव्हता. तुम्ही सिस्टरना बाळ निम्मं पितं असं सांगता, म्हणून डॉक्टरांना वाटतंय की तिच्या अंगात पाणी भरतंय, म्हणून आज सुई टोचणार, नळी घालणार आणि तिला परत आत नेणार. एवढं सगळं मी एका दमात बोलले. त्या पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. खोटं बोलताय असं मी म्हटलं नाही, त्यांनीही नाही म्हटलं नाही. मग त्या फार हळू म्हणाल्या, "मी आकडा काढला, अन् काही झालं तर?"

माझ्याकडे याचं उत्तर होतं. विज्ञानाच्या शिक्षिकेकडे असतंच. ते उत्तर तयार, कोरीव, दहावीच्या पुस्तकात शोभेल असं होतं, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून मला ते देववेना. मी म्हटलं, "बोलला नाहीत तर आज टोचतील, आई. मला एवढंच माहीत आहे."

त्या उठल्या. चपला काढल्या, हाताला औषध चोळलं, दार ढकललं. मी नियम मोडून दारातच उभी राहिले. डॉक्टरीणबाई बाळाची टाच पुसत होत्या, मंदा सिस्टर दिवा जवळ धरून होत्या. सासूबाई खाटेजवळ गेल्या आणि दोन्ही हातांनी खाटेची कड धरली.

"डॉक्टरीणबाई, थांबा. वीस." त्यांनी कड आणखी घट्ट धरली. "दर येळेला वीसच्या वीस. काही उरत नाही वाटीत. मी खोटं सांगत होते. सगळं पोटात शे."

मग त्यांनी बाळाच्या डोक्यावरून दोन्ही तळवे उतरवले, ते आपल्या कानशिलांवर टेकवले आणि कडाकडा बोटं मोडली. "काय व्हायचं ते मला होऊ दे," त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून म्हणाल्या, कोण जाणे. डॉक्टरीणबाईंना तर नक्कीच नाही.

डॉक्टरीणबाईंचे माझ्यावर उपकार आहेत. त्या रागावू शकल्या असत्या, रागावण्याजोगंच होतं. त्यांनी कापूस ट्रेमध्ये ठेवला, बाळाच्या पायावर दुपटं ओढलं आणि म्हणाल्या की आजी, पुढचं दूध माझ्यासमोर पाजा, मला बघू दे कशी पिते ती. मंदा सिस्टरनी वीस मिली मोजून वाटीत घातलं. सासूबाई मांडी घालून बसल्या, धोंडीला उभी धरली, चमचा ओठाला लावला. ती पितानाचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, चुळुक चुळुक, आणि मध्येच थांबून एक मोठा श्वास, चढण चढून आलेल्या माणसासारखा. वाटी रिकामी झाली. डॉक्टरीणबाईंनी पोटाला, घोट्यांना दाबून पाहिलं, कुठे सूज नाही. रक्त आज घेत नाही, त्या म्हणाल्या, नळीही नको. उद्या सकाळचं वजन बघू आणि ठरवू.

यानंतर सई घरी आली, वाढली, आता माझ्या खांद्याला लागते आणि नॅनोमीटरला काहीच नाही म्हणते. आजीच्या ताटाशेजारी बसून जेवते आणि आजी तिच्या भाकऱ्या अजूनही मोजत नाही. मी वर्गात दर जूनमध्ये पहिला धडा शिकवते, एकक आणि मापन. मोजणं म्हणजे एका राशीची दुसऱ्या, ठरलेल्या राशीशी तुलना. व्याख्या बरोबर आहे, मी ती बदललेली नाही. पण दर जानेवारीत मला त्या दिवसाची संध्याकाळ आठवते. कधी कधी वाटतं, त्या दिवसातलं मोजता न येणारं जे काही होतं ते सगळं त्या संध्याकाळीच झालं.

उन्हं उतरली होती, बाकाच्या अर्ध्या भागावर अजून ऊब होती. सासूबाई येऊन तिथे बसल्या. मी मास्क वर ओढून जरा लांब सरकले, तर त्यांनी मला हाताला धरून जवळ ओढलं. समोरच्या गल्लीत कुणीतरी शेकोटीसाठी खोकी मोडत होतं.

"तो पण सगळं खायचा गं," त्या म्हणाल्या. "पूर्ण वाटी. अन् मग वाटी डोक्यावर घालायचा, टोपीसारखी."

कोण, असं मी विचारलं नाही. मला वाटलं, आता तरी बोलायला हवं, एवढी वर्षं ही बाई कसलं ओझं वाहते आहे. मी म्हटलं, "आई, तो तुम्ही सांगितल्यामुळे नाही गेला. त्या साली पाणी खराब होतं."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. रागाने नाही, मी मुलांकडे बघते तसं, सोपा प्रश्न चुकवलेल्या मुलाकडे.

"ठाऊक शे मला. डॉक्टरनं तवाच सांगितलं होतं." त्यांनी पदराने नाक पुसलं. "ठाऊक असून भागतं का, पोरी?"

मला रडू आलं. त्यांनी ते बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. आत दिवे लागले, बाळांच्या पेट्या निळ्या दिसायला लागल्या. मग बऱ्याच वेळाने त्यांनी मला एक गोष्ट विचारली, जी त्या दवाखान्यात पाय ठेवल्यापासून एकदाही विचारली नव्हती. म्हणाल्या, उद्या किती भरेल गं आपली?

मला माहीत होतं. दिवसभरात किती दूध गेलं, त्यातून किती ग्रॅम वाढायला हवेत, याचा हिशेब मी दुपारीच मनात दोनदा केला होता आणि तो बरोबर होता. उत्तर जिभेच्या टोकावर होतं. पण काचेपलीकडे ती झोपली होती, मुठी मिटून, एवढीशी, आणि माझी जीभ काही केल्या उचलेना. एका आकड्याला मी इतकी घाबरले. मी सासूबाईंचा हात घट्ट धरला, माहीत नसल्यासारखी मान हलवली, आणि आकडा तसाच गिळून टाकला.